नटीचे माप कोणत्या गजाने?

कन्नड चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठ अभिनेत्री बी. सरोजादेवी ह्या 87 वर्षांचे आयुष्य भोगून 14 जुलै 2025 रोजी बंगळूर येथे निवर्तल्या. त्यानंतर जे मृत्युलेख आमच्या वाचनात आले, त्यांत स्तुतीला तोटा नव्हता. विवेकाला मात्र होता. बहुतेकांनी दोनच गोष्टी आळवून सांगितल्या. पहिली ही की, बाई एम. जी. रामचंद्रन, शिवाजी गणेशन, राजकुमार आणि एन. टी. रामराव ह्या नटश्रेष्ठांच्या नायिका होत्या. दुसरी ही की, त्या मोठ्या मर्यादशील होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. आमची तक्रार इतकीच की, त्यांपैकी एकीचाही अभिनयाशी संबंध नाही. पहिलीत दुसऱ्याच्या कीर्तीची मोजदाद आहे आणि दुसरीत पदराची लांबी. जिने 1955 सालच्या 'महाकवी कालिदास'पासून 2019 सालच्या 'नटसार्वभौम'पर्यंत चित्रपटांत काम केले, तिला निरोप देताना ती काम कसे करीत होती हे सांगण्याची कोणास आवश्यकता वाटू नये, हा आमच्या मते अन्याय आहे.

पहिला गज घेऊ. नायकांच्या यादीने नायिकेची उंची ठरत असेल, तर 'कित्तूर चेन्नम्मा' ह्या चित्रपटाचे काय करावयाचे? 1961 साली बी. आर. पंतुलु ह्यांनी तो काढला. दत्तक नामंजूर करणाऱ्या कंपनी सरकाराविरुद्ध 1824 साली, म्हणजे झाशीच्या आधी तेहतीस वर्षे, शस्त्र उचलणारी ही राणी. धारवाडचा कलेक्टर थॅकरे तिच्याशी झालेल्या लढाईत पडला. पुढे किल्ला गेला, आणि बैलहोंगल येथे बंदिवासातच 1829 साली तिचा अंत झाला. ही भूमिका सरोजादेवींनी केली तेव्हा त्यांचे वय तेवीस. राजकुमार ह्या चित्रपटात आहेत, पण ते राणीचे पती मल्लसर्ज म्हणून. कथेचा भार राणीच्या शिरावर आहे. वधू, विधवा, राज्यकर्ती आणि सेनानी अशा चार अवस्था एकाच चित्रपटात एका तरुण मुलीने सांभाळावयाच्या होत्या, आणि तिने त्या सांभाळल्या. येथे नायिका नायकाची कोण लागते, हा प्रश्नच उरत नाही. विचारावयाचेच झाले तर तो उलट विचारावा लागेल.

दुसरे उदाहरण 1964 सालच्या 'पुदिय परवै' ह्या तमिळ चित्रपटाचे. त्यात नायकावर जीव टाकणारी लता ही वस्तुतः त्याच्या गुन्ह्याचा माग काढण्यास आलेली पोलिस खात्याची स्त्री आहे, हे अखेरीस उघड होते. प्रेमाचे सोंग असे वठवावयाचे की प्रेक्षकाला संशय येऊ नये, आणि सोंग उतरल्यावर त्यात खरे प्रेमही मिसळले होते हे त्याला पटावे. सोंगातले सोंग ही नटाची कठीणातील कठीण परीक्षा होय. लोकांनी ह्यातून काय उचलले? 'गोपाल' अशी नायकाला हाक मारण्याची बाईंची लकब! तिच्या नकला करून नकलाकारांनी टाळ्या मिळविल्या. भूमिकेचा विचार थोड्यांनीच केला.

कोणी म्हणेल, "चित्रपट हा धंदा आहे, नायकाच्या नावावर तिकिटे खपतात, म्हणून त्याचे नाव आधी येते." धंद्याचे गणित आम्हांस अमान्य नाही. पण मृत्युलेख म्हणजे तिकीटघराचा जमाखर्च नव्हे. शिवाय हे गणित किती निर्दय असते, ते 1977 सालच्या 'बभ्रुवाहन' चित्रपटात पाहावे. त्यात अर्जुन आणि त्याचा पुत्र बभ्रुवाहन ह्या दोन्ही भूमिका राजकुमारांनी केल्या. चित्रांगदा झाल्या सरोजादेवी. राजकुमारांचा जन्म 1929 चा, बाईंचा 1938 चा. म्हणजे नऊ वर्षांनी धाकटी नटी थोरल्या नटाची माता झाली, आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा तो नट मात्र त्याच पडद्यावर पतीही राहिला आणि पुत्रही. राजकुमारांचा मोठेपणा आम्ही जाणतो. दोष त्यांचा नव्हे. पुरुषाला काळाच्या पलीकडे ठेवणारी आणि स्त्रीला काळाच्या आधीच वृद्ध करणारी जी रीत, तिला आम्ही दोष देतो. नायकांच्या यादीने नटी मोजणारा लेखक नकळत ह्याच रीतीची पालखी वाहत असतो.

आता दुसरा गज. पोहण्याचा पोशाख घालावयाचा नाही, बिनबाह्यांची चोळी घालावयाची नाही, असा आईचा दंडक होता आणि बाईंनी तो जन्मभर पाळला, हे सर्वांनी गहिवरून सांगितले. त्यांचा दंडक त्यांच्यापाशी. त्याचा आम्ही आदरच करतो. पण सुशिक्षित गृहस्थांना ह्या गोष्टीचे एवढे अप्रूप का वाटावे? कारण चित्रपटात काम करणारी स्त्री स्वभावतःच संशयास्पद, आणि ही त्याला अपवाद, असे ते मनात धरून बसलेले असतात. ही स्तुती एकीची आणि निंदा सगळ्यांची आहे. कोणा नटाच्या मृत्यूनंतर त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांविषयी लिहिलेले आमच्या तरी पाहण्यात नाही. उलट, विवाह म्हणजे नायिकेच्या कारकिर्दीची अखेर असे समजले जात असताना, 1967 साली एका अभियंत्याशी लग्न झाल्यावरही बाई नायिकेच्या भूमिका करीत राहिल्या. हे खरे धैर्य; पण मर्यादेच्या कौतुकात ते बुडून गेले.

आम्ही मराठी वाचक तरी ह्या बाबतीत कोठे निर्दोष आहोत? आमच्या महाविद्यालयात एका विद्वान मित्राने वर्तमानपत्र खाली ठेवून विचारले, "ह्या कोण बाई?" 'ससुराल' चित्रपटातील रफींच्या त्या विख्यात गीताची आठवण देताच त्यांनी ते तेथल्या तेथे गुणगुणून दाखविले. सुंदर मुखाची स्तुती करणारे ते गीत त्यांना मुखोद्गत होते. पडद्यावर ते मुख कोणाचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. वस्तुतः बेळगावाहून धारवाडच्या वाटेला लागले की कित्तूर लागते. आमच्या पुंडलिकाच्या कथेवर 1957 साली निघालेल्या 'पांडुरंग माहात्म्यम्' ह्या तेलुगू चित्रपटात कलावतीची भूमिका ह्याच बाईंची. इतक्या जवळच्या शेजारणीची ओळख आम्हांस मुंबईच्या हिंदी गीतावाचून पटू नये, ही आमच्या रसिकतेला भूषणावह गोष्ट नाही.

सरोजादेवींना पद्मश्री मिळाली, पद्मभूषण मिळाले. सन्मानाची उणीव राहिली नाही. उणीव राहिली ती परीक्षणाची. त्यांच्या दोनशेच्या आसपास चित्रपटांत सामान्य चित्रपट पुष्कळ असतील. कित्येकांत नायकाभोवती फिरण्यापलीकडे त्यांना काम नसेल. तेही लिहावे. परंतु जे लिहावयाचे ते त्यांच्या कामाविषयी लिहावे. 'कित्तूर चेन्नम्मा' एकदा स्वस्थपणे पाहावा, त्यातील राणी कोठे साधली व कोठे निसटली हे आपल्या डोळ्यांनी ठरवावे, आणि मग लेखणी उचलावी. अशा रीतीने केलेली प्रतिकूल टीकादेखील ह्या सगळ्या गोड मृत्युलेखांपेक्षा त्यांचा अधिक मान राखील.