छापील लाल कोणाचा?

बंगाली ‘गीतांजली’ 1910 साली आली, इंग्रजी 1912 साली. इंग्रजीतल्या 103 कवितांपैकी 53च बंगाली ‘गीतांजली’तल्या, बाकीच्या इतर संग्रहांतल्या, हा हिशेब आता सर्वांना पाठ आहे. अनुवादात काय गळले, काय बदलले, यावर शंभर वर्षे वाद चालू आहे आणि तो चालायलाच हवा. पण त्याच रवींद्रनाथांची चित्रे रंगीत पुस्तकात छापून आली की आपण ती ‘रवींद्रनाथांची चित्रे’ म्हणून निमूटपणे पाहतो. वास्तविक तोही अनुवादच असतो. फरक एवढाच, की इथे अनुवादकाचे नाव नसते.

साठी उलटल्यावर रवींद्रनाथांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली, बहुतेक कागदावर. फाउंटन पेनची रंगीत शाई, जलरंग, जे हाताशी असेल ते त्यांनी वापरले. छापखान्यात या सगळ्याचे सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शायांच्या ठिपक्यांत रूपांतर होते. लाल किती चढवायचा, हे छायाचित्रकार, संगणकावर रंग दुरुस्त करणारा आणि मशीनवरचा माणूस ठरवतात. त्यांनी ठरवावेच, अनुवादकही ठरवतो. पण मूळ चित्र शेजारी न ठेवता ठरवणे म्हणजे मूळ भाषा न वाचता अनुवाद करणे.

यातून काय बिघडते? रवींद्रनाथांना लाल-हिरव्यातला भेद नीट दिसत नसावा, अशी चर्चा अभ्यासक करत आले आहेत. ही चर्चा पुस्तकातल्या लालावरून करायची, तर आपण कवीच्या डोळ्यांबद्दल बोलतो आहोत की छापखान्यातल्या शाईबद्दल? बहुतेक चित्रांना त्यांनी नावे दिली नाहीत. पुस्तकात मात्र खाली शीर्षक येते आणि ते कोणी दिले हे कळत नाही. जुन्या कागदाचा पिवळटपणा ‘स्वच्छ’ करून पांढरा केला जातो, कडा कापल्या जातात, तळहाताएवढे चित्र आणि हातभर चित्र एकाच मापाचे दिसते. कवितेच्या दोन ओळी गाळल्या तर संपादकाला जाब विचारणारे आपण, चित्राची कड गेली तर गप्प.

2001 अखेर रवींद्रनाथांचा कॉपीराइट संपला. चित्रे सर्वांची झाली, हे चांगलेच. पण मूळ चित्रे संस्थांच्या कपाटात असतात आणि जुने छापील पुस्तक स्कॅन करणे सोपे असते. म्हणजे अनुवादाचा अनुवाद, आणि त्यालाही मूळ म्हणायचे.

‘गरीब देशात निदान काहीतरी पाहायला मिळते ना?’ असा यावर प्रश्न येईल. तो खराच आहे. रंगीत शाई उजेडात फिकी पडते, म्हणून मूळ चित्रे सतत भिंतीवर टांगता येत नाहीत. पुण्याच्या किंवा कोचीच्या वाचकासाठी पुस्तक हेच चित्र असते. म्हणूनच तर पुस्तकाने खोटे बोलू नये. स्वस्त छपाईबद्दल माझी तक्रार नाही. एखादे काळे-पांढरे चित्र निदान आपण अपुरे असल्याचे कबूल करते. तक्रार आहे ती गुळगुळीत कागदावरच्या, भारी किमतीच्या आत्मविश्वासाबद्दल.

संस्थेने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे 2011 साली आर. शिव कुमार यांनी संपादित केलेल्या ‘रवींद्र चित्रावली’च्या चार खंडांनी दाखवले. ते खंड घरोघरी जाणार नाहीत. पण साध्या पुस्तकालाही काही गोष्टी परवडतात. चित्राची लांबी-रुंदी, माध्यम आणि ते कुठे आहे, हे खाली द्या. शीर्षक कोणाचे ते सांगा. कड कापली असेल तर ‘तपशील’ असे लिहा. छायाचित्र कोणी, केव्हा काढले आणि रंग मूळ चित्राशी ताडून पाहिले की नाही, हे छापा. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संग्रहालयांनी नीट काढलेली छायाचित्रे प्रकाशकांना माफक दरात द्यावीत.

यातले बहुतेक काम चार ओळींचे आहे. त्या चार ओळी नसतील, तर समीक्षकांनी पुस्तकाच्या देखणेपणाचे कौतुक करण्याआधी एकच विचारावे: हा लाल कोणाचा?