रेषा नदीची, शिक्षा गरिबाला

मुळा-मुठेच्या काठावरचे मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आले. उसाच्या या गावात आज टॉवर उभे राहत आहेत. बिल्डरच्या जाहिरातीत नदीचे सुंदर दृश्य असते. खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला की इथला जुना पूल पाण्याखाली जातो, हे नसते. ते सांगण्याचे काम कायद्याचे. मग कायदा काय सांगतो आणि कोणाला सांगतो?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबईसारखे काही भाग वगळून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आणली. तिच्यात पूररेषा दोन आहेत. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवी घरे बांधायची नाहीत. दोन रेषांच्या मधे बांधायचे तर लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंचीवर. नियम चांगला आहे. पण २५ जुलै २०२४ रोजी मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. पंचवीस वर्षांच्या पुरासाठी धरलेला विसर्ग याहून कितीतरी मोठा आहे. म्हणजे एक तर घरे रेषेच्या आत उभी राहू दिली, नाहीतर भराव टाकून नदी अरुंद केली आणि कागदावरची रेषा खोटी ठरली. किल्लारी १९९३ पूर्वी भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. हजारो माणसे गाडली गेल्यावर नकाशा बदलला. पूररेषेसाठीही आपण मढी मोजत बसायचे काय?

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. ही नियमावली जागी होते ती नकाशा मंजुरीला आल्यावर. ज्याच्याकडे सातबारा नाही, आर्किटेक्ट नाही, त्याचे घर तिच्या दृष्टीने घरच नाही, अतिक्रमण आहे. जी रेषा मंजूर इमारतीचे जोते उंच करते, तीच रेषा झोपडीवर बुलडोझर आणते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे मेली. नंतर पूर टाळण्यासाठी ओढ्याचे काम करायचे म्हणून २४ जून २०२१ रोजी, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या झोपड्या पाडल्या गेल्या. न्यायालयाच्या स्थगितीने कारवाई थांबली, तोवर अनेकांचे संसार रस्त्यावर आले होते. गावकुसाबाहेर, सखल जागी कोणाला राहायला लावले, हे आंबेडकरी वाचकाला सांगायला नको. शहराने तीच रीत ओढ्याकाठी आणली.

आणि जे टॉवर बांधतात ते कुठे राहतात? २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात मुसळधार पावसात सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. लहान मुलांसह पंधरा जण गेले. त्याच आठवड्यात आंबेगावात भिंतीखाली आणखी सहा. बांधकाम कामगारांच्या, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या कायद्याचे कलम ३४ सांगत होते की कामाच्या जागी किंवा जवळ तात्पुरत्या निवासाची सोय मालकाने मोफत करायची. ती सोय भिंतीखाली, उतारावर की ओढ्यात, हे कोण तपासते? भोगवटा प्रमाणपत्र मिळते ते इमारत पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत मजूर पुढच्या साइटवर गेलेला असतो, नाहीतर मेलेला.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली. पूर हे दैव नव्हे, नियोजनाचा आणि राज्याच्या जबाबदारीचा विषय आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले. त्याच न्यायाने मांजरीसह समाविष्ट गावांत पूररेषा नव्याने मोजल्या पाहिजेत. बांधकाम परवान्याबरोबरच मजूर वसाहतीची जागा तपासली पाहिजे. रेषेच्या आतील वस्तीला आधी जवळपास पक्के घर, मगच स्थलांतर.

कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात आपापल्या वस्तीचा पूररेषा नकाशा मागावा आणि तो विहारात, समाजमंदिरात लावावा. नकाशा वाचता आला की अधिकाऱ्याला प्रश्न विचारता येतो. पाणी घरात शिरल्यावर मिळणाऱ्या शिध्यापेक्षा तो प्रश्न मोलाचा आहे.