त्यांनी ऐकले होते

यरुशलेम बाबेलच्या सैन्याने जाळले ते इ.स.पू. 586 च्या सुमारास. मंदिर गेले, राजवाडा गेला, तट पाडले, माणसे धरून नेली. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहूदी मंदिराच्या नाशाचा उपास आजही पाळतात. वालाच्या बिरड्यावरून त्याला ‘बिरड्याचा रोजा’ असे नावही पडले. हा नाश का झाला असे विचारले, तर लोकांनी संदेष्ट्यांचे ऐकले नाही म्हणून, असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. माझी विनंती आहे, तेवढ्यावर थांबू नका. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले 34 ते 39 हे अध्याय घरी बसून वाचा. त्या लोकांनी ऐकले होते, नीट ऐकले होते.

यहोयाकीम राजापुढे यिर्मयाची गुंडाळी वाचली गेली तेव्हा थंडीचे दिवस होते, शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापी आणि निखाऱ्यांत टाकी. जाळू नका म्हणून विनवणाऱ्यांत गमऱ्या होता, शाफान चिटणिसाचा मुलगा. याच शाफानाने पूर्वी योशीया राजाला नियमशास्त्र वाचून दाखवले होते आणि ते ऐकून योशीयाने आपली वस्त्रे फाडली होती. यहोयाकीम हा त्याच योशीयाचा मुलगा. यिर्मयाने तो मजकूर पुन्हा सांगितला, त्याचा लेखनिक बारूख याने पुन्हा लिहिला.

पण मला भीती वाटते ती नगर पडले तेव्हाच्या सिद्कीया राजाची, कारण तो आपल्यासारखा आहे. त्याने काही जाळले नाही. त्याने यिर्मयाला गुपचूप बोलावून सल्ला विचारला. उत्तर स्वच्छ होते: बाबेलच्या सरदारांना शरण जा, तू जगशील आणि नगर जळणार नाही. हे खोटे आहे असे तो म्हणाला नाही. आधीच तिकडे गेलेले यहूदी माझी विटंबना करतील, एवढेच म्हणाला, आणि आपली भेट कुणाला सांगू नकोस असे बजावले. पुढे तो रात्री पळाला, यरीहोच्या मैदानात सापडला. रिब्ला येथे त्याच्यादेखत त्याची मुले मारली गेली आणि मग त्याचे डोळे काढले. चार माणसे काय म्हणतील या धास्तीने एक नगर गेले.

आणि 34 वा अध्याय सोडू नका. वेढा पडला तेव्हा सरदारांनी आणि लोकांनी मंदिरात करार करून आपले हिब्रू दास-दासी मोकळे केले. मग मिसरचे सैन्य निघाल्याची बातमी आली, बाबेलची फौज वेढा उठवून गेली, आणि यांनी सोडलेली माणसे परत धरून आणली. भीती होती तोवर धर्म आठवला! फौज परत येईल, असे यिर्मयाने सांगितले. ती आली.

इशारा म्हणजे अटळ भाकीत नव्हे. त्याच्या शंभरेक वर्षे आधी मीखा संदेष्ट्याने याच नगराचा नाश सांगितला होता. हिज्कीया राजा परमेश्वराला भ्याला, वळला, आणि ते अरिष्ट टळले. मीखाची ही आठवण करून देऊनच वडीलधाऱ्यांनी यिर्मयाची बाजू घेतली होती.

म्हणून सांगतो. तुमच्या मंडळीत, गावात, घरात ज्याला तुम्ही एकट्यात गाठून खरे विचारता, त्याला चारचौघांतही ओळख द्या. त्याने सांगितलेले पटले असेल तर लोक हसले तरी करा. आणि आजारपणात, कर्जात, कोर्टाच्या फेऱ्यांत देवापुढे जे कबूल केले, ते दिवस बरे आले म्हणून मागे घेऊ नका. कामवाल्या बाईचा थकलेला पगार या आठवड्यात चुकता करा. जमिनीत बहिणीचा हिस्सा मान्य केला असेल, तर तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर तिचे नाव लावून घ्या.