कळा कुणाच्या, निर्णय कुणाचा?

“नवऱ्याजवळ निजताना ओरडली नाहीस, मग आता कशाला बोंबलतेस?”

हे वाक्य मी एका सरकारी दवाखान्याच्या प्रसूतिकक्षाबाहेर बसून ऐकलं आहे. वस्तीतल्या एका पहिलटकरणीसोबत गेले होते. मला आत सोडलं नाही. पुढे माझं स्वतःचं बाळंतपण खाजगी दवाखान्यात झालं. तिथे कुणी शिवी दिली नाही. कळा असह्य झाल्यावर मी म्हटलं, “कमरेत सुई देतात ना, ती मला द्या.” डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, “काय करायचं?” नवरा आईकडे बघू लागला. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही नाही का सोसलं? कंबर जाते जन्माची.” झाला निर्णय! माझी एम. एस. डब्ल्यू.ची पदवी कळांपुढे नव्हे, त्या तिघांपुढे हरली.

मैत्रिणींनो, एकीला शिवी मिळाली, दुसरीला सभ्यपणा. ऐकून मात्र कुणाचंच घेतलं नाही.

दात उपटताना भूल मागणाऱ्या पुरुषाला कुणी भित्रा म्हणत नाही. बाळंतपणात मात्र सोसण्याची परीक्षा. कळा सोसल्याशिवाय माया येत नाही म्हणे! मग बापाला माया कुठून येते? स्कॉटलंडमधल्या डॉ. सिम्पसन यांनी १८४७ साली बाळंतपणात भूल वापरली, तेव्हा त्यांना धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका लिहावी लागली. बाईने वेदनेतच प्रसवावं असं बायबलच सांगतं, असा तो आक्षेप होता. १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला. राणीला मिळालं ते वस्तीतल्या बाईला अजून मिळायचं आहे.

आपल्या चळवळीतही एक सूर ऐकू येतो : ही सुई म्हणजे वैद्यकीय बाजाराचा नवा माल, बाळंतपण हा आजार नव्हे. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) खाजगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत १४ टक्के. हा फरक केवळ बायकांच्या प्रकृतीचा असू शकत नाही. म्हणून ‘वेदनारहित प्रसूती’च्या जाहिरातींकडे संशयाने बघायलाच हवं. पण बाजाराला विरोध करताना सोसण्याची पोथी आपणच बाईच्या हाती देत नाही ना?

सुई काय करते ते आधी नीट समजून घेऊ. भूलतज्ज्ञ कमरेच्या मणक्यांमधून, मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या बाहेर एक बारीक नळी ठेवतात. तिच्यातून थोडं थोडं औषध जातं. बाई पूर्ण शुद्धीत असते, कळा बोथट होतात. तोटेही आहेत. रक्तदाब उतरू शकतो, खाज सुटते, ताप येऊ शकतो, लघवीसाठी नळी घालावी लागू शकते, जोर करण्याचा टप्पा लांबू शकतो. शंभरात साधारण एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते. रक्त गोठण्यात दोष असेल तर सहसा सुई देत नाहीत. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचं प्रमाण जुन्या, जास्त मात्रेच्या पद्धतीत वाढत असे. आजच्या कमी मात्रेत तसं दिसत नाही. सुईमुळे सिझेरियन वाढतं किंवा कंबर कायमची जाते, याला अभ्यासांचा आधार नाही. उलट, कळांच्या धास्तीने सिझेरियनला होकार देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

सुई हा एकच मार्गही नव्हे. जवळचं माणूस सोबत असणं, फिरणं, उकिडवं बसणं, कंबर चोळणं, गरम शेक यांनी बळ येतं. हुंगायचा वायू आहे. गुंगीची इंजेक्शनं आहेत, पण त्यांनी बाळाचा श्वास मंदावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत सोबतही आहे, चोळणंही आहे आणि मागेल त्या निरोगी बाईला सुईही आहे. एखादीला यातलं काहीच नको असेल, तर तोही तिचा निर्णय.

पण निवड करायला समोर काही असावं लागतं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ साली सरकारी दवाखान्यात मोफत प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, गाडी यांचं वचन दिलं. वेदना कमी करण्याचं वचन त्या यादीत नाही. सुईसाठी भूलतज्ज्ञ हजर लागतो, आणि ग्रामीण रुग्णालयांत तर सिझेरियनसाठीही तो शोधावा लागतो. प्रसूतिकक्षात सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने २०१६ साली मान्यता दिली. तिला तर भूलतज्ज्ञ लागत नाही, पैसे लागत नाहीत. तरी दार बंद का?

आणि संमती? समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं, की सज्ञान, शुद्धीवरच्या बाईच्या उपचाराला संमती तिचीच हवी. आईने दिलेली चालत नाही. मग नवऱ्याची आणि सासूची कशी चालते?

तेव्हा आपल्या गटांनी एवढं करावं. सातव्या महिन्यातच बाईशी आणि तिच्या घरच्यांशी या सगळ्या पर्यायांबद्दल बोलावं. कळा सुरू झाल्यावर समजावत बसू नये. दवाखान्याला आधीच विचारावं : भूलतज्ज्ञ रात्री असतो का, सुईचे वेगळे पैसे किती, सोबतीणीला आत सोडता का? जिल्हा रुग्णालयाकडे सोबतीणीच्या हक्काची लेखी मागणी करावी, आणि भूलतज्ज्ञांच्या रिकाम्या जागा भरण्याचीही.

त्या पहिलटकरणीला मुलगी झाली. ती मुलगी उद्या बाळंतपणाला जाईल, तेव्हा तिला कुणीतरी एवढं विचारावं : “बाई, तुला काय हवं?” आणि उत्तर तिच्याकडूनच घ्यावं.