शाळेच्या ग्रंथालयातली कपाटे उघडी राहावीत : विद्यार्थी, पालक व शिक्षकांना जाहीर आवाहन

शाळेचे ग्रंथालय दोन पद्धतींनी चालते. पहिल्या पद्धतीत पुस्तके कुलूपबंद कपाटात असतात. विद्यार्थी चिठ्ठीवर नाव लिहून देतो आणि ग्रंथपाल पुस्तक काढून देतात. दुसरीला मुक्तद्वार पद्धत म्हणतात. तिच्यात विद्यार्थी स्वतः कपाटापाशी जातो, चार पुस्तके चाळतो, त्यातले एक निवडतो. दुसरी पद्धत निःसंशय चांगली. चिठ्ठीवर फक्त ठाऊक असलेलेच पुस्तक मागता येते. ज्याचे नाव कधी कानावर पडलेले नाही ते हाती लागायचे तर कपाट उघडेच हवे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पुस्तके वापरण्यासाठी असतात हा त्यातला पहिला, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हा तिसरा. हा तिसरा सिद्धांत प्रत्यक्षात यावा यासाठी त्यांनी मुक्तद्वार पद्धतीचाच आग्रह धरला.

तरीही महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांत कपाटांना कुलूप दिसते आणि संगणकावर प्लॅस्टिकचे आवरण. याला ग्रंथपालांचा कंजूषपणा कारणीभूत नाही. शाळेत आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो, तो दाखल नोंदवहीत चढतो, आणि ठरावीक काळाने या नोंदवहीशी पुस्तके ताडून पाहावी लागतात. पुस्तक हरवले, फाटले, पाने गेली तर त्याचा खुलासा करायचा, निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव तयार करायचा आणि मंजुरीची वाट पाहायची, हे सारे एकाच माणसाच्या माथी असते. अनेक शाळांत हा माणूस अर्धवेळ ग्रंथपाल असतो. कित्येक ठिकाणी तर रोजचे तास सांभाळून हा कार्यभार पाहणारा शिक्षक. अशा माणसाने कुलूप लावले तर त्याला दोष देता येत नाही. कुलूप निघायचे असेल तर ग्रंथालय वापरणाऱ्यांच्या वागण्यानेच निघेल, आणि त्यासाठीच हे आवाहन आहे.

पुस्तकांपासून सुरुवात करावी लागेल. पुस्तकाचे सर्वाधिक नुकसान वाचताना होत नाही, ते कपाटातून ओढताना होते. कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून पुस्तक खेचले की तिथला कागद किंवा कापड फाटते, मग शिवण सैल होते, मग पाने सुटू लागतात. शेजारची दोन पुस्तके किंचित आत ढकलावीत आणि हव्या त्या पुस्तकाचा कणा मधोमध धरून ते बाहेर काढावे. पान उलटताना बोट जिभेला लावू नये. खुणेसाठी कोपरा दुमडण्याऐवजी कागदाची पट्टी ठेवावी. फाटलेले पान घरी सेलोटेपने चिकटवण्याचा मोह अनेक पालकांनाही होतो. पण सेलोटेप काही वर्षांत पिवळा पडतो, त्याचा डिंक कागदात मुरतो आणि मजकूरच जातो. फाटलेले पुस्तक तसेच आणून द्यावे आणि फाटल्याचे सांगावे. सांगणाऱ्या मुलावर शिक्षकांनी रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी फाटलेले पान कुणी दाखवणार नाही.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, ओली छत्री आणि ओले दप्तर ग्रंथालयाच्या दाराबाहेरच ठेवायला हवे. भिजलेल्या एका पुस्तकाची बुरशी शेजारच्या पुस्तकांनाही धरते. डब्यातले खाणेही आत नको. चिवड्याच्या कणांमागून मुंग्या आणि झुरळे येतात आणि मुक्काम पुस्तकांत करतात.

एक गोष्ट मात्र निष्काळजीपणात मोडत नाही, ती चोरीच आहे. प्रकल्पाच्या वहीत चिकटवण्यासाठी ज्ञानकोशातले किंवा मासिकातले चित्र ब्लेडने कापून नेण्याचे प्रकार होतात. किल्ल्याचे, पक्ष्याचे, एखाद्या शास्त्रज्ञाचे चित्र असलेले पान असे गेले की पुढच्या वर्गातल्या मुलांच्या हाती मधेच कापलेले पुस्तक येते, आणि पानामागचा मजकूरही गेलेला असतो. ते चित्र हाताने काढता येते, ट्रेसिंग पेपरवर उतरवता येते, परवानगी घेऊन त्याची प्रत करता येते. अशा प्रकल्पांना गुण देणाऱ्या शिक्षकांनीही छापील चित्र कुठून आले एवढे विचारावे. कापलेल्या चित्रापेक्षा मुलाने स्वतः काढलेल्या वाकड्यातिकड्या चित्राला जास्त गुण मिळू लागले, तर हा प्रकार आपोआप थांबेल.

पुस्तक चुकीच्या जागी ठेवणे हा त्या मानाने निरुपद्रवी वाटणारा प्रकार, पण त्यानेच सर्वाधिक पुस्तके ‘हरवतात’. पुस्तकाच्या कण्यावर खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर अंक असतात. मेल्विल ड्युई या अमेरिकी ग्रंथपालाने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणानुसार अनेक ग्रंथालयांत हे अंक दिले जातात. त्यात ८०० हा साहित्याचा वर्ग, ८९१.४६ हे मराठी साहित्य. पुढे १ आला की कविता, २ आला की नाटक, ३ आला की कथा-कादंबरी. म्हणजे ८९१.४६३ ची कादंबरी ८९१.४६१ च्या कवितासंग्रहांत गेली, तर नोंदवहीत ती असते, कपाटातही असते, पण मागणाऱ्याला मिळत नाही. पडताळणीपर्यंत कित्येक महिने ती अशीच पडून राहते. म्हणून वाचून झालेले पुस्तक नेमके कुठले हे ठाऊक नसेल तर अंदाजाने खोचू नये, टेबलावर ठेवावे. ग्रंथपालांना ते जागेवर लावायला अर्धा मिनिट लागतो. चुकलेले शोधायला अख्खी तासिका जाते.

शांततेबद्दल फार सांगण्याची गरज नाही. गोष्टी मोठ्याने वाचून दाखवायची तासिका असेल तर आवाज होणारच आणि व्हावाही. एरवी कोपऱ्यात बसलेल्या मुलाला त्याचे पुस्तक वाचता यावे इतकी जाणीव पुरते.

संगणकाचा वापर या सगळ्याहून वेगळा आहे. पुस्तकावरच्या खुणा डोळ्यांना दिसतात, संगणकावर मागे राहिलेल्या दिसत नाहीत. घरचा मोबाइल एकाचा किंवा एका कुटुंबाचा असतो. शाळेतल्या संगणकावर दिवसभरात पाच-पंचवीस जण बसतात. यातला पहिला नियम लॉगआउटचा. काम संपल्यावर ब्राउझरची खिडकी बंद केली म्हणजे खाते बंद झाले असा मुलांचा आणि मोठ्यांचाही समज असतो. तो चुकीचा आहे. खाते तसेच उघडे राहू शकते आणि पुढे बसणाऱ्याला थेट त्याच ईमेलमध्ये जाता येते. आधी लॉगआउट करावे, मग खिडकी बंद करावी. पासवर्ड टाकल्यावर तो साठवून ठेवू का, असा प्रश्न पडद्यावर येतो. सामायिक संगणकावर त्याचे उत्तर नेहमी ‘नको’ असेच असायला हवे. ‘इन्कॉग्निटो’ खिडकी वापरली की आपण अदृश्य होतो हाही असाच गैरसमज. त्या संगणकावर इतिहासाची नोंद राहत नाही एवढेच. शाळेच्या इंटरनेट जोडणीवरून कोणते संकेतस्थळ उघडले हे जोडणी सांभाळणाऱ्याला कळू शकते.

दुसरा नियम ‘डाउनलोड्स’ या फोल्डरचा. शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, परीक्षेचे प्रवेशपत्र अशी कामे शाळेतल्या संगणकावर होतात तेव्हा आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान या साऱ्याच्या प्रती त्या फोल्डरमध्ये साचत जातात. आठवीतल्या एखाद्या मुलाने सहज तो फोल्डर उघडला तर दहावीच्या अख्ख्या तुकडीची कागदपत्रे त्याच्यासमोर येतात. अर्ज भरून झाला की आपल्या प्रती पुसाव्यात आणि ‘रिसायकल बिन’ही रिकामा करावा. मुलांच्या वतीने असे अर्ज भरणाऱ्या शिक्षकांना हे विशेष आग्रहाने सांगणे आहे, कारण त्या कागदपत्रांची जबाबदारी त्या वेळी त्यांच्याकडे असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीची अट घालतो.

एखाद्याचे खाते उघडे सापडले तर ते न वाचता बंद करावे. त्यातून गमतीने संदेश पाठवणे, फोटो बदलणे, पासवर्ड बदलणे या गोष्टी मुलांना खोडी वाटतात. मात्र दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ सी नुसार गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुलांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे जातात हे खरे, पण तिथवर वेळ का यावी? वर्गमित्राचा फोटो त्याला न विचारता काढून पसरवणे यालाही खोडी म्हणता येणार नाही. ज्याच्याबाबतीत असे घडले असेल त्या मुलाने ते मनात ठेवू नये. वर्गशिक्षक, पालक किंवा १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाइनला सांगावे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.

पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी तो तपासून घ्यावा. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले की विषाणू शिरला असे समजावे. तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून ‘तिथे चालतो का’ हे पाहू नये. संगणक बटण दाबून किंवा वायर ओढून बंद करू नये. वीज गेल्यावर यूपीएस वाजू लागला की काम साठवून संगणक रीतसर बंद करावा. आणि शाळेत संगणक मोजके असतील तर बसण्यापूर्वी काय शोधायचे हे वहीत लिहून आणावे. पाळीचा निम्मा वेळ ‘काय टाकू?’ या विचारात गेला तर मागे उभ्या असलेल्या मुलाची पाळी जाते.

शोधलेली माहिती कशी वापरायची, हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. पहिल्या निकालातला मजकूर उचलून मुद्रित करणे म्हणजे अभ्यास नव्हे. मराठीतून शोधणाऱ्या मुलांसाठी आता चांगली साधने फुकट उपलब्ध आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत सुरू झालेला मराठी विश्वकोश संकेतस्थळावर वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके डाउनलोड करता येतात आणि तिच्याच १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही संकेतस्थळावर चाळता येतात. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आयआयटी खरगपूरने उभे केले आहे. मात्र प्रत्येक साधनाची मर्यादा ओळखावी लागते. विश्वकोशातल्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते, त्यामुळे कोण बोलते आहे हे कळते. पण त्याचा पहिला खंड १९७६ चा आहे, तेव्हा जुन्या खंडांतली लोकसंख्या किंवा उत्पादनाचे आकडे आजचे म्हणून उतरवू नयेत. विकिपीडिया कुणालाही संपादित करता येतो. तिथले विधान कोणत्या संदर्भावर उभे आहे ते तळाशी पाहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतात, कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नावही सांगतात. त्यांनी दिलेले नाव, साल, आकडा कपाटातल्या पुस्तकाशी ताडून पाहावा. संगणक ग्रंथालयात ठेवण्याचे खरे कारण हेच आहे, की पडद्यावर वाचलेले तपासायला पुस्तके तीन पावलांवर असतात.

प्रकल्पाच्या शेवटी कोणत्या पुस्तकातून आणि कोणत्या संकेतस्थळावरून काय घेतले हे चार ओळींत लिहिण्याची सवय पाचवीपासून लावता येते. शिक्षकांनी तेवढ्यासाठी दोन गुण राखून ठेवावेत.

पालकांकडे दोन मागण्या आहेत. पुस्तक हरवले तर मुलाला खोटे कारण शिकवू नये. शाळेच्या नियमानुसार ते भरून द्यावे आणि विषय संपवावा. आणि ग्रंथालयाला पुस्तके भेट देताना जुनी गाइडे व गेल्या अभ्यासक्रमातले प्रश्नसंच देऊ नयेत. ती रद्दीत जाण्याजोगी असतात आणि त्यांनाही कपाटात जागा लागते. एकच पुस्तक द्यावे, पण मुलाने मागून वाचावे असे द्यावे.

शेवटची विनंती माजी विद्यार्थ्यांना आहे. बऱ्याच घरांच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत शाळेचा गोल शिक्का असलेले एखादे पुस्तक निघते. बदली झाली, दाखला घेतला, परीक्षा आली आणि ते परत करायचे राहून गेले. किती वर्षे झाली याचा संकोच न बाळगता ते त्या शाळेत नेऊन द्यावे किंवा टपालाने पाठवावे. दाखल क्रमांक आतल्या पानावर असतो, त्यामुळे ग्रंथपालांना ते नोंदवहीत लगेच सापडेल.