धक्का कोणी सोसावयाचा?

ग्वाल्हेर शहरातील थाटीपुर वसाहतीतून एका मराठी वाचकबंधूंचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांनी हौसेने एक जुनी, दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार विकत घेतली. घरात दुसरे वाहन नाही. वृद्ध आईस मणक्याचे दुखणे जडलेले. दर रविवारी तिला मुरारच्या देवालयात मिस्सेस न्यावयाचे ते याच गाडीतून. वाटेतील प्रत्येक गतिरोधकावर ती माउली डोळे मिटून हातातील जपमाळ घट्ट धरते. तोंडातून शब्द काढीत नाही. गेल्या महिन्यात मात्र ती म्हणाली, “बाळा, यापुढे मी घरीच प्रार्थना करीन.” मुलगा विचारतो, गाडी विकून टाकू, की तिच्यात काही सुधारणा होण्याजोगी आहे?

आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांच्या दारी स्पोर्ट्‌स मोटार क्वचितच असेल. परंतु रिक्षा, टेम्पो, जीप, मोटारसायकल यांपैकी काहीतरी असतेच, आणि म्हातारी माणसे, गरोदर सुना व आजारी मुले त्यांतूनच नेली जातात. म्हणून हे उत्तर आम्ही सर्वांसाठीच लिहीत आहोत.

पहिली गोष्ट ही की, रस्त्याचा धक्का नाहीसा होत नसतो. तो कोणीतरी सोसावाच लागतो. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात जुन्या पालख्या व बग्ग्या ठेवलेल्या आहेत. पालखीत बसणाऱ्यास धक्का लागत नसे, कारण तो भोयांचे खांदे आणि गुडघे सोसत. इ. स. १८०४ मध्ये इंग्लंडातील ओबडाया इलियट यांनी गाडीखाली पोलादी पाट्यांच्या कमानी बसविण्याचे पेटंट घेतले, आणि भोयांचे ते कष्ट पोलादाने उचलले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. बैलगाडीस लोखंडी धाव असते, तशी त्यांच्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीस भरीव रबराची धाव होती व ती दगडी रस्त्यावर फार आदळे. बापाने तिच्या जागी हवा भरलेली रबरी नळी चढविली. अशी कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच नोंदविली होती. परंतु ती विस्मृतीत गेली होती. बापाने मुलासाठी जे केले, ते आता थाटीपुरच्या मुलास आईसाठी करावयाचे आहे.

आजच्या मोटारीत धक्का सोसणारे तिघे असतात : टायरातील हवा, स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर, ज्यास गॅरेजवाले ‘शॉकअप’ म्हणतात. या तिघांनी आपले काम टाळले की ते चौथ्याच्या, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीवर पडते. आमच्या वाचकबंधूंच्या गाडीत नेमके हेच घडले आहे. मूळ कारखान्याने तिला १६ इंची चाके दिली होती. आधीच्या मालकाने शोभेसाठी १८ इंची चाके चढविली आणि गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून आखूड स्प्रिंगा बसविल्या.

टायरावरील आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा. मूळ टायर होता २०५/५५ आर १६. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ५५, अर्थात सुमारे ११३ मिलिमीटर. आता चढविलेला आहे २२५/४० आर १८. त्याची भिंत अवघी ९० मिलिमीटर. दोन्ही चाकांची बाहेरची एकूण उंची जवळजवळ सारखीच भरते, पण रिम आणि रस्ता यांमधील गादी मात्र २३ मिलिमीटरांनी घटली. मोठी रिम बहुधा वजनानेही जड असते, आणि जड चाक उसळले की त्यास आवरणे स्प्रिंगेस कठीण जाते.

तेव्हा कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम, पैसा न लागणारे काम करावे : टायर थंड असताना हवेचा दाब मोजून तो चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे ठेवावा. पुष्कळ ठिकाणी हवा अंदाजाने जास्तच भरली जाते, आणि गाडी दगडासारखी होते. मात्र गाडी मऊ व्हावी म्हणून लिहिल्यापेक्षा कमी हवाही ठेवू नये. ग्वाल्हेरास उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कमी हवेचा टायर धावताना अधिक वाकतो, तापतो आणि फुटू शकतो. टायरावर चार आकड्यांची एक खूण असते, तीही पाहावी. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक दिसली, तरी जुने रबर ताठ झालेले असते.

दुसरे, चाके मूळ मापाची, म्हणजे १६ इंची, परत बसवावीत. ती ब्रेकांना घासत नाहीत हे आधी पाहावे, आणि नव्या टायरची वजन व वेग सोसण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी.

तिसरे, शॉकअप व रबरी बुश तपासावेत. गाडीचा एक कोपरा हाताने दाबून सोडावा. ती वर येऊन लगेच स्थिर झाली तर ठीक, हेलकावत राहिली तर शॉकअप थकला असे समजावे. त्यातून तेल झिरपत असले तर शंकाच नको. बदलताना एका धुरीवरचे दोन्ही एकदमच बदलावेत.

चौथे, आखूड स्प्रिंगा काढून मूळ लांबीच्या बसवाव्यात. आखूड स्प्रिंगेस दबावयास जागाच उरत नाही. गाडी खालच्या रबरी ठोकळ्यावर आदळते, आणि तोच ठोसा आईच्या मणक्यास लागतो. हे झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

वेगवान गाडी ताठच असली पाहिजे हा समज खरा नव्हे. १९६२ मध्ये इंग्लंडातील लोटस कारखान्याने काढलेली एलान ही मोटार मऊ स्प्रिंगा आणि नीट जुळविलेले शॉकअप यांच्या बळावर खराब रस्त्यावरही सुखाने व चपळपणे चाले. शिवाय आपल्याकडील मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. तेव्हा गाडी पूर्वरूपास आणणे यात आईचे सुख आहे आणि कायद्याचे पालनही आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एवढे करूनही स्पोर्ट्‌स मोटारीचे आसन खालीच राहणार, आणि दुखऱ्या पाठीने त्यात उतरणे व त्यातून उठणे कोणत्याही स्प्रिंगेने सोपे होणार नाही. म्हणून खर्चात पडण्यापूर्वी वाचकबंधूंनी एक करावे. एखाद्या मित्राच्या हाती स्टिअरिंग देऊन स्वतः आईच्या जागी बसावे आणि थाटीपुर ते मुरार असा फेरा करावा. चालकास खड्डा आधी दिसतो व त्याचे अंग सावध होते. शेजारी डोळे मिटून बसलेल्यास तो अवचित लागतो. मग वैद्यांस विचारावे. त्यांनी नको म्हटले, तर रविवारपुरती उंच आसनाची भाड्याची गाडी सांगावी आणि हौसेची गाडी हौसेपुरती ठेवावी. तेही न परवडले, तर ती विकण्यात कमीपणा नाही.

प्रभूच्या दृष्टांतातील शोमरोन्याने जखमी वाटसरूस आपल्या जनावरावर बसविले. त्या दिवशी त्याने जनावरास दौडविले नसेल, असे आम्हांस खात्रीने वाटते. ज्याच्या हाती वाहन आहे, त्याचा उजवा पाय हाही एक शॉकअपच होय. गतिरोधक दिसताच तो वेळीच ब्रेकवर गेला, तर अर्धा धक्का तेथेच जिरतो. आणि त्या सुधारणेस एक पैसाही पडत नाही. ती येत्या रविवारपासूनच करता येईल.