पळायचं तर कुठे?

जैवविविधता हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना पर्यावरणाच्या पेपरपुरताच आठवतो. व्याख्या लिहायची, खाली चार धोके टाकायचे, पेपर निघाला की विषय संपला! त्या धोक्यांच्या यादीत 'शेतीसाठी जंगलतोड' हा एक मुद्दा आणि 'हवामानबदल' हा दुसरा. दोन्हींना वेगळे मार्क. माझ्या मते खरा घोळ इथेच आहे. हे दोन धोके एकत्र आले की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

कसा ते बघा. पृथ्वीचं तापमान पूर्वीही बदललं आहे. हिमयुगं आली, गेली. तेव्हा झाडं आणि प्राणी पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू सरकत राहिले, कोणी डोंगर चढून वर गेलं, कोणी ध्रुवांकडे. सरकायला जागा होती म्हणून जगले. आज एक तर बदलाचा वेग जास्त आहे, आणि दुसरं म्हणजे वाटच बंद आहे. जगातल्या जमिनीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग पिकं आणि गुरांच्या चराईखाली आहे. मधे मधे जंगलाचे तुकडे उरलेत. म्हणजे ऊन म्हणतं 'पळ', आणि शेत म्हणतं 'इथून नाही'!

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ब्रँबल के नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथे मेलोमिस जातीचा एक उंदीर राहायचा, जगात दुसरीकडे कुठेच नाही. समुद्राचं पाणी पुन्हा पुन्हा बेटावर चढलं, झाडोरा गेला आणि उंदीरही गेला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. चहूबाजूंनी समुद्र, जाणार कुठे? मैलोन्‌मैल सोयाबीनने वेढलेल्या जंगलातल्या बेडकाला ते सोयाबीन समुद्रासारखंच आहे.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय आपल्याला पटत नाही. आयपीसीसीच्या २०१८ च्या अहवालानुसार तापमान १.५ अंशांनी वाढलं, तर अभ्यासलेल्या कीटकांपैकी ६ टक्के जातींचा निम्म्याहून जास्त प्रदेश राहण्यालायक उरणार नाही. २ अंशांनी वाढलं तर हाच आकडा १८ टक्के. अर्ध्या अंशाला तिप्पट! ज्यांना 'अर्ध्या डिग्रीने काय होतंय' असं वाटतं, त्यांनी हा ग्राफ एकदा काढून बघावा. २०१९ मध्ये आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय संस्थेने सुमारे १० लाख प्रजाती धोक्यात असल्याचं सांगितलं. जमिनीवरचं सगळ्यात मोठं कारण तिने जमिनीचा बदललेला वापर हे दिलं, आणि त्यात शेती पुढे.

यावर हॉस्टेलमध्ये ठरलेला प्रश्न येतो, "आधी माणसांचं पोट भरू दे, मग बेडूक बघू." मी शेतकऱ्याच्या घरचा आहे, पोटाचं महत्त्व मला कोणी सांगायला नको. पण पोटाचीच गोष्ट ऐका. १९७० च्या सुमारास आशियातल्या भातावर 'ग्रासी स्टंट' हा विषाणूरोग पसरला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गेलेल्या एका रानभातात, ओरायझा निवारामध्ये. त्याच्या संकरातून पुढे १९७६ साली आयआर-३६ हा वाण आला आणि लाखो हेक्टरवर पिकला. ते रानभात जिथे उगवायचं, ती पाणथळ जागा आधीच नांगरली गेली असती तर? ज्या शेतीसाठी आपण रान संपवतोय, तिचे स्पेअर पार्ट त्या रानातच आहेत.

म्हणून शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात काही अर्थ नाही. बांधावरची बोर-बाभूळ जेसीबीने काढली तर दोन ओळी जास्त बसतात, आणि त्या दोन ओळींचे पैसे त्याला लागतात. बांध राखल्याचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आहे त्याच जमिनीत जास्त पिकवणं आणि पिकलेलं वाया न घालवणं, हे दुसरं काम. अन्न व कृषी संघटनेच्या २०११ च्या अंदाजानुसार जगात माणसासाठी पिकवलेल्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश वाया जातं. म्हणजे तेवढी जमीन फुकटच नांगरली! मेसच्या बादलीत रोज रात्री काय पडतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

तिसरं काम मात्र खास आपलं आहे. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून रुंद करताना जनावरांसाठी रस्ताच उचलून खालून वाट ठेवली गेली. कोर्टकचेऱ्या झाल्या, खर्च वाढला, पण त्या वाटेने आज वाघ जातात, कॅमेऱ्यात दिसलेत. तिथे काँक्रीट तेच आणि सळईही तीच, फरक फक्त ड्रॉइंगमध्ये पडला. उद्या कालवे, रस्ते, सोलर पार्क यांचे नकाशे आपल्याच टेबलावर येणार आहेत. रेघ मारण्याआधी एवढंच विचारूया, की इथून कोणाला पलीकडे जायचंय का?